पोचपावती : घरगुती संगणकांच्या जगाने देवाणघेवाणीला शिस्त कशी लावली

(१)
जानेवारी १९७८. शिकागो शहर हिमवादळाखाली गाडले गेले होते. रस्ते बंद, कचेऱ्या बंद. आयबीएममध्ये नोकरी करणारे वॉर्ड क्रिस्टेनसेन घरी अडकून पडले होते. त्यांनी आपले मित्र रँडी सूस यांना फोन लावला. दोघेही शहरातील संगणकछंदी मंडळाचे सभासद. मंडळाच्या वार्तापत्राचे लेख, बैठकांच्या सूचना, सभासदांचे निरोप हे सारे टेलिफोनवरूनच एखाद्या संगणकात जमा करता आले तर, असा विषय निघाला. त्या संभाषणातून जे उभे राहिले आणि त्यापुढे वीस-पंचवीस वर्षे जे घडत गेले, त्याचा हा धागा.

(२)
आज कोणतीही फाइल क्षणार्धात जगाच्या दुसऱ्या टोकाला जाते, त्यामुळे पाठवणे ही मोठी गोष्ट वाटत नाही. १९७५ नंतर घरात संगणक बाळगू लागलेल्या लोकांना मात्र ती पायरीपायरीने शोधावी लागली. त्यांच्यापुढे चार प्रश्न होते. पाठवलेले धड पोचले का? हवे ते पुन्हा सापडेल का? जे देतो-घेतो ते मुळात कोणाचे आहे? आणि आपण नसताना ते कोण सांभाळील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणिताने दिले. उरलेल्या तिन्हींची उत्तरे माणसांना आपापसांत बोलून, भांडून आणि नियम करून शोधावी लागली.

(३)
यांतला तिसरा प्रश्न सर्वांत आधी पेटला. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक भरली. आल्टेअर ८८०० हा सुट्या भागांतून जोडायचा संगणक तेव्हा नुकताच बाजारात आला होता. त्यासाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी बेसिक ही भाषा लिहिली होती आणि ती छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर मिळत असे. अशी एक फीत क्लबवाल्यांच्या हाती लागली. एका सभासदाने तिच्या प्रती काढून बैठकीत वाटल्या. अट एकच होती: जो एक फीत नेईल, त्याने पुढच्या वेळी दोन आणाव्यात.

(४)
३ फेब्रुवारी १९७६ रोजी गेट्स यांनी संगणकछंदी मंडळींना उद्देशून एक उघडे पत्र लिहिले. तेव्हा त्यांचे वय होते २० वर्षे. आल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतले आहे, मिळालेल्या मानधनाचा हिशेब केला तर आमच्या श्रमाला तासाला दोन डॉलरही पडत नाहीत, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. हे पत्र अनेक मंडळांच्या वार्तापत्रांत छापले गेले आणि उत्तरांचा भडिमार झाला. याच सुमारास काही छंदी मंडळींनी टायनी बेसिक नावाची छोटी आवृत्ती स्वतः लिहून मुक्तपणे छापली. वाद मिटला नाही. तो पुढची पंचवीस वर्षे प्रत्येक देवाणघेवाणीच्या मुळाशी राहिला, म्हणून तो आत्ताच लक्षात ठेवावा.

(५)
आता पहिला प्रश्न. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी बनवलेली. मोडेम हे उपकरण संगणकाचे शून्य-एक दोन वेगळ्या सुरांत बदलून तारेवर सोडी आणि पलीकडचे मोडेम ते सूर ऐकून पुन्हा शून्य-एक करी. वेग होता सेकंदाला ३०० बिट, म्हणजे साधारण ३० अक्षरे. वाचणारा माणूस जवळजवळ त्याच वेगाने वाचतो. तारेवर जरा खरखर झाली की अक्षर बदले. पत्रात एखादे अक्षर चुकले तर वाचणारा सांभाळून घेतो. प्रोग्राममध्ये एक अक्षर चुकले तर सगळाच प्रोग्राम निकामी होतो.

(६)
यावर क्रिस्टेनसेन यांनी १९७७ मध्ये तोड काढली. पुढे ती एक्समोडेम या नावाने जगभर गेली. फाइलीचे १२८ बाइटचे गठ्ठे करायचे. प्रत्येक गठ्ठ्याच्या आधी आरंभाची खूण, गठ्ठ्याचा क्रमांक आणि तोच क्रमांक उलटा करून लिहायचा. शेवटी सर्व बाइटांची बेरीज. एकूण १३२ बाइट. घेणारा संगणक बेरीज स्वतः करून पाही. जुळली तर तो एका अक्षराची पोचपावती पाठवी. नाही जुळली तर ‘पुन्हा पाठवा’ अशी खूण करी. पावती आल्याशिवाय पुढचा गठ्ठा सुटत नसे.

(७)
पद्धत परिपूर्ण नव्हती. दोन चुका एकमेकींना झाकतील अशा पडल्या तर साधी बेरीज फसे. पुढे अधिक कडक तपासणी जोडली गेली. वेळही जाई. १६ किलोबाइटची फाइल घ्या: तिचे बरोबर १२८ गठ्ठे होतात आणि सेकंदाला ३०० बिटांच्या वेगाने ती पोचायला नऊ मिनिटांहून अधिक लागतात. परंतु नऊ मिनिटांनी हाती येई ती फाइल भरवशाची असे. क्रिस्टेनसेन यांनी हा प्रोग्राम कोणताही मोबदला न मागता सर्वांसाठी खुला केला. म्हणूनच निरनिराळ्या कंपन्यांचे, एकमेकांशी अजिबात न जुळणारे संगणक त्याच एका पोचपावतीच्या भाषेत बोलू लागले.

(८)
हिमवादळातल्या त्या फोनकडे परत येऊ. सूस यांनी यंत्र जोडले, क्रिस्टेनसेन यांनी प्रोग्राम लिहिला. काम सुमारे दोन आठवड्यांत झाले. तथापि दोन आठवड्यांवर कोणाचा विश्वास बसणार नाही म्हणून ते महिनाभर सांगत, असे पुढे त्यांनीच नमूद केले. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी सीबीबीएस, म्हणजे संगणकीय सूचनाफलक, सुरू झाला. किराणा दुकानाबाहेर किंवा क्लबात भिंतीवर फलक असतो, त्यावर कोणी ‘सायकल विकणे आहे’ अशी चिठ्ठी टाचून जातो, तीच कल्पना. फरक इतकाच, की फलकापाशी जायला टेलिफोन लागे.

(९)
यंत्र सूस यांच्या घरी ठेवले, कारण तिथला क्रमांक शहरातल्या पुष्कळ लोकांना स्थानिक दराने पडे. फोनची तार एकच, म्हणून एका वेळी एकच माणूस. त्याने वाचावे, लिहावे, फोन ठेवावा. मग दुसऱ्याचा नंबर. आपण लिहिलेल्याला उत्तर आले का, हे पाहायला दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करायचा. नोव्हेंबर १९७८ च्या ‘बाइट’ मासिकात या दोघांनी सगळी रचना लेख लिहून उघड केली आणि गावोगावी असे फलक उभे राहू लागले. हा पहिला फलक कायमचा बंद होईपर्यंत त्यावर अडीच लाखांहून अधिक फोन येऊन गेले होते. तेही एकामागून एक.

(१०)
फलक चालवणाऱ्याला सिसॉप म्हणत. बहुधा एखादा नोकरदार किंवा कॉलेजातला मुलगा, निजायच्या खोलीत रात्रंदिवस गुणगुणणारा संगणक आणि खिशातून भरलेले टेलिफोनचे बिल. त्याच्या फलकावर दोन दालने असत: चर्चेचे आणि फाइलींचे. लवकरच एक जुनाच अनुभव आला. नेणारे पुष्कळ, देणारे थोडे. मग सिसॉपांनी पतपेढीसारखा नियम केला: आधी काही जमा करा, मगच त्या प्रमाणात उचल मिळेल.

(११)
नियम आला तशी पळवाटही आली. पत वाढावी म्हणून लोक जुन्याच फाइली नावे बदलून जमा करू लागले. फाइलींची नावे तेव्हा आखूड, बहुतेक ठिकाणी आठ अक्षरे आणि पुढे तीन. त्यांवरून आत काय आहे याचा पत्ता लागत नसे. येथे दुसरा प्रश्न उभा राहिला: हवे ते सापडेल का? उपाय निघाला तो ग्रंथपालाचा. गठ्ठ्यातच एक छोटी वर्णनपट्टी घालायची: जास्तीत जास्त दहा ओळी, ओळीत पंचेचाळीस अक्षरे. नाव काय, काम काय, आवृत्ती कोणती. फलकाचा प्रोग्राम ती पट्टी स्वतः वाचून सूचीत टाकी. फाइल-आयडी-डिझ नावाची ही पट्टी जुन्या फाइलींच्या गठ्ठ्यांत अजूनही सापडते.

(१२)
कमोडोर कंपनीच्या अमिगा संगणकाच्या जगात हे काम एका माणसाने हाती घेतले. फ्रेड फिश यांनी १९८६ पासून खुल्या वापराचे प्रोग्राम निवडून, तपासून, प्रत्येक डिस्कवर काय काय आहे याची यादी जोडून ते क्रमांकवार वाटायला सुरुवात केली. १९९४ पर्यंत या डिस्कांची संख्या हजारावर गेली. त्या टपालाने, क्लबांतून, हातोहात फिरत. ‘फिश क्रमांक अमुक’ एवढे म्हटले की जगात कुठेही तीच डिस्क समजली जाई. ग्रंथालयात पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरचा क्रमांक जे काम करतो, तेच हे.

(१३)
जानेवारी १९९२ मध्ये स्वित्झर्लंडच्या ऊर्बान म्युलर यांनी सुरू केलेल्या अमिनेटने तीच शिस्त जाळ्यावर आणली. तेथे फाइल टाकायची तर सोबत एक परिचयपत्रक द्यावेच लागे: एका ओळीत वर्णन, कर्त्याचे नाव, पाठवणाऱ्याचे नाव, विषयाचा कप्पा. कर्ता आणि पाठवणारा हे दोन वेगळे रकाने होते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. ज्याने बनवले आणि ज्याने आणून दिले ते दोघे एक नसतात, आणि हे नोंदवून ठेवले नाही तर पुढे श्रेयही हरवते व जबाबदारीही. काही काळ अमिनेट हे खुल्या प्रोग्रामांच्या जगातील सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक होते.

(१४)
फाइलींना शिस्त आली; चर्चेचे काय? प्रत्येक फलक म्हणजे एक बेट होते. शिकागोत लिहिलेले शिकागोतच राही. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे टॉम जेनिंग्ज आणि बाल्टिमोरचे जॉन मॅडिल यांनी आपले दोन फलक जोडले. दिवसा दूरचा फोन महाग, रात्री स्वस्त. तेव्हा दिवसभर निरोप साठवायचे आणि रात्री माणसे झोपल्यावर संगणकांनी एकमेकांना फोन करून ते पोचवायचे. जेनिंग्ज यांच्या प्रोग्रामचे नाव होते फिडो, म्हणून या जाळ्याला फिडोनेट हे नाव पडले.

(१५)
फिडोनेटचा कणा होता एक साधी यादी: कोणता फलक, कोणत्या गावी, कोणत्या फोन क्रमांकावर. सुरुवातीला जेनिंग्ज स्वतः ती ठेवत. फलक वाढले तेव्हा सेंट लुई येथील मंडळींनी ते काम उचलले. यादीत एक अंक चुकला तर काय होई? मध्यरात्री एखाद्या अजाण घरातला फोन वाजे. झोपेतून उठून कोणीतरी तो उचली आणि पलीकडून फक्त शिट्टी ऐकू येई. थोड्या वेळाने पुन्हा तेच, कारण यंत्र चिकाटीने प्रयत्न करी. अशा तक्रारी खरोखर आल्या. म्हणून नियम झाला: नव्या फलकाने जाळ्यातूनच निरोप पाठवून आपण चालू असल्याचे दाखवावे, तेव्हाच त्याचे नाव यादीत चढेल.

(१६)
पुढे टप्प्यांची रचना आली: खंड, त्याखाली जाळे, त्याखाली फलक. पत्रावर पिनकोड असतो तसा पत्ता. पहाटेचा एक ठरावीक तास फक्त डाकेसाठी राखून ठेवायचा आणि त्या वेळी माणसांचे फोन घ्यायचे नाहीत, हा सर्वांना बंधनकारक नियम. डॅलसचे जेफ रश यांनी इकोमेल ही सोय काढली. तिच्यामुळे एका फलकावर लिहिलेला मजकूर त्या विषयाच्या सर्व फलकांवर उमटू लागला. वर्तनाचा नियम दोन कलमांत सामावला होता: दुसऱ्याला फार त्रास देऊ नका, आणि स्वतः चटकन त्रासून जाऊ नका. १९९० च्या दशकाच्या मध्यास या जाळ्यात तीस हजारांहून अधिक फलक होते. त्यामागे मालक कंपनी कोणतीही नव्हती.

(१७)
आपल्याकडे त्या वेळी काय होते? केंद्र सरकारच्या क्लास प्रकल्पातून १९८४ नंतर देशातील निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम-प्लस परवान्याने भारतात विकला. परंतु घरी टेलिफोन मिळायलाच वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत राहावे लागे; तेथे मोडेमसाठी तार अडवून ठेवणे ही चैनच. म्हणून आपली देवाणघेवाण मुख्यतः कॅसेट आणि फ्लॉपी यांच्या पायांनी चालली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मोजके फलक सुरू झाले. बंगळुरूमध्ये अतुल चिटणीस यांचा सिक्स हा त्यांतला गाजलेला. सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून, मुंबईसह काही महानगरांत.

(१८)
विद्यापीठांच्या जगात एक समांतर धारा होती. १९७९-८० मध्ये ड्यूक विद्यापीठाचे टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी यूजनेटची मांडणी केली. विषयवार चर्चागट, आणि प्रत्येक गटाचा मजकूर सर्व सहभागी यंत्रांवर. त्याच्या मुख्य शाखांत नवा गट हवा असेल तर आधी प्रस्ताव, मग चर्चा, मग मतदान. होकार नकारांपेक्षा किमान १०० ने अधिक हवेत आणि एकूण मतांच्या दोन-तृतीयांश हवेत, असा दंडक होता. कमोडोर, ॲपल, सिंक्लेअर अशा प्रत्येक यंत्राच्या चाहत्यांचे गट होते. त्याच वृक्षाच्या दुसऱ्या फांदीवर मराठी भाषकांचाही एक गट होता.

(१९)
यूजनेटवर एक व्यवस्था रूढ झाली, ती पुढे सर्वत्र चालू राहिली: बोलणे एका गटात, फाइली दुसऱ्या गटात. ॲपल-२ आणि कमोडोर यांसाठी असे जोडगट होते. कारण व्यावहारिक होते. फाइल अक्षरांत रूपांतरित करून टाकली की तिचे अनेक तुकडे होत, चर्चा त्यांखाली गाडली जाई आणि हळू मोडेमवाल्यांना नको असलेलेही उतरवून घ्यावे लागे. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले तेव्हा जुन्या सभासदांनी उत्तरांचा संग्रह करून तो ठरावीक काळाने गटात टाकायला सुरुवात केली. नवागताला आधी तो वाचायला सांगत. कधी प्रेमाने, कधी चिडून.

(२०)
फाइलीला चर्चेची गरज का लागते, याचे एक उदाहरण देतो. मॅनिक मायनर हा १९८३ चा स्पेक्ट्रमवरील गाजलेला खेळ. कर्ता मॅथ्यू स्मिथ. तो आधी बग-बाइटने आणि मग सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्सने प्रसिद्ध केला. दोन्हींचे नाव एक, रूप जवळपास एक. परंतु आत फरक आहेत. हव्या त्या दालनात थेट नेणारा गुप्त संकेत एका आवृत्तीत अंकांचा आहे, तर दुसरीत ‘टाइपरायटर’ हा शब्द. केवळ ‘मॅनिक मायनर’ नावाची फाइल हाती आली तर ती कोणती? फाइल स्वतः हे सांगत नाही. ज्यांनी दोन्ही कॅसेटी वापरल्या तेच सांगू शकतात, आणि ते कुठेतरी लिहून ठेवावे लागते.

(२१)
स्पेक्ट्रमची गोष्ट थोडी सविस्तर पाहू, कारण चारही प्रश्न तिच्यात एकत्र येतात. २३ एप्रिल १९८२ रोजी ब्रिटनमध्ये हा संगणक जाहीर झाला. १६ किलोबाइटच्या नमुन्याची किंमत १२५ पौंड, ४८ किलोबाइटच्या नमुन्याची १७५. प्रोग्राम साध्या ध्वनिफितीवर येत. कॅसेट वाजवली की किरकिर ऐकू येई आणि तीच संगणकाची भाषा. दोन टेपरेकॉर्डर असले की प्रत निघाली. ब्रिटनमधील शाळांच्या पटांगणांत अशा प्रती सर्रास फिरल्या. एप्रिल १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय ॲमस्ट्रॅड कंपनीने ५० लाख पौंडांना विकत घेतला आणि त्याबरोबर यंत्राच्या आतल्या मूळ प्रोग्रामचे हक्कही तिच्याकडे गेले.

(२२)
१९९० च्या दशकात ही यंत्रे कपाटांत गेली. परंतु त्यांच्यावर वाढलेली मुले आता अभियंते झाली होती. त्यांनी नव्या संगणकावर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम लिहिले, ज्यांना एम्युलेटर म्हणतात. नेदरलँड्सच्या गेर्टन लुंटर यांचा झेड-८० हा त्यांतला नामांकित. अडचण अशी, की कॅसेटच्या चुंबकीय फिती दरवर्षी क्षीण होत चालल्या होत्या. स्लोव्हेनियाच्या टोमाझ काच यांनी टीझेडएक्स ही फाइलरचना आखली. तिच्यात फितीवरील केवळ मजकूरच नव्हे, तर सुरांची लांबी, मधले विराम, प्रत-प्रतिबंधक युक्त्या हे सारे टप्प्याटप्प्याने नोंदवता येई. फीत नष्ट झाली तरी तिची नोंद उरावी, हा हेतू.

(२३)
१९९५ मध्ये नेदरलँड्सच्याच मार्टिन व्हान देर हाइडे यांनी वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम हा संग्रह सुरू केला. त्यांचे वेगळेपण फाइलींच्या संख्येत शोधू नये. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या खेळांचे कर्ते व कंपन्या शोधून काढल्या आणि ‘हे वाटले तर चालेल का?’ असे विचारले. पुष्कळांनी आनंदाने होकार दिला. काहींनी नकार दिला. नकार आला की फाइल काढून घेतली जाई. नोंद मात्र राही, आणि तिच्यापुढे ‘वितरणास नकार’ असे स्पष्ट लिहिलेले असे. १९७६ च्या त्या पत्राला छंदी मंडळींकडून आलेले हे कदाचित सर्वांत सभ्य उत्तर होते.

(२४)
सर्वांत मोठा पेच यंत्राच्या मूळ प्रोग्रामचा होता. तो १६ किलोबाइटचा, म्हणजे क्रिस्टेनसेन यांच्या मापाने बरोबर १२८ गठ्ठ्यांचा. त्याच्याविना कोणताही एम्युलेटर चालत नाही, आणि त्याचे हक्क ॲमस्ट्रॅडचे. ऑगस्ट १९९९ मध्ये ॲमस्ट्रॅडचे क्लिफ लॉसन यांनी यूजनेटच्या गटात लिहून कंपनीची भूमिका कळवली: एम्युलेटरसोबत हा प्रोग्राम द्यायला हरकत नाही, हक्काची ओळ पुसू नये, त्यासाठी पैसे आकारू नयेत, आणि परवानगीचा उल्लेख करावा. हक्क कंपनीने सोडले नाहीत, वापर मात्र मोकळा केला. वकिलाची नोटीस येण्याची भीती जेथे होती, तेथे चर्चेतल्या एका निरोपाने काम झाले. याला कारण ती चर्चा वर्षानुवर्षे शिस्तीने चालत आली होती आणि कंपनीचा माणूसही तिच्यात बोलत होता.

(२५)
आता उरला चौथा प्रश्न, आणि तोच सर्वांत कठीण. ब्रिटनमध्ये १९८३ पासून मायक्रोनेट ८०० ही सेवा होती. घरगुती संगणकवाल्यांना तिच्यावर गप्पा, पत्रे आणि टेलिफोनवरून प्रोग्राम मिळत. १९९१ मध्ये ती बंद झाली. सारी पाने कंपनीच्या यंत्रांवर होती. यंत्रे थांबली तशी पानेही गेली. जे काही आज दिसते ते सभासदांनी स्वतःच्या डिस्कवर आणि फितींवर उतरवून ठेवलेले तुकडे. आपण जेथे बोललो ती जागा आपली नव्हती, हे त्यांना जागा गेल्यावर कळले.

(२६)
उलट उदाहरण टोरांटो विद्यापीठाचे. तेथील प्राणिशास्त्र विभागातील संगणकतज्ज्ञ हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ पासून यूजनेटवरचा मजकूर चुंबकीय फितींवर साठवून ठेवला. १९९१ पर्यंत १४१ फिती जमल्या. त्या कपाटात राहिल्या. पुढे अनेकांनी खपून त्या वाचून काढल्या तेव्हा सुमारे वीस लाख संदेश परत मिळाले. २००१ मध्ये गूगलने आपल्या संग्रहात ते मिळवले. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने यूजनेटचा नवा मजकूर घेणे बंद केले. मोठ्या संस्थेची छाया ही सोय आहे. तिच्यावर कायमचा हक्क सांगता येत नाही.

(२७)
एका माणसाच्या खांद्यावर उभा असलेला संग्रहही तितकाच नाजूक असतो. तो थकतो, त्याचे आयुष्य बदलते, खर्च वाढतो. स्पेक्ट्रमच्या मंडळींनी यातून धडा घेतला. पुढे आयनार साउकास यांनी झेडएक्सडीबी ही खुली नोंदवही उभी केली. खेळ, कर्ते, प्रकाशक, मासिकांतील परीक्षणे, आवृत्त्यांतील फरक, वितरणास होकार की नकार, हे सारे तिच्यात आहे आणि संपूर्ण नोंदवहीची प्रत कोणीही उतरवून घेऊ शकतो. एक दार बंद झाले तरी दुसऱ्या कोणाला तीच नोंदवही घेऊन नवे दार उघडता यावे, अशी ही तजवीज. चौथ्या प्रश्नाचे आजवर सापडलेले हेच उत्तर: ज्याच्या पुष्कळ प्रती, तेच टिकते; परंतु प्रतींसोबत नोंदीही फिरल्या पाहिजेत.

(२८)
मागे वळून पाहिले तर या इतिहासात थोर शोध थोडेच आहेत. एक बेरीज, एक यादी, दहा ओळींची वर्णनपट्टी, दोन वेगळे रकाने, एक ‘विचारून पाहू’. काम कंटाळवाणे होते आणि बहुतेकांना त्याचे पैसे मिळाले नाहीत. सूस डिसेंबर २०१९ मध्ये गेले, क्रिस्टेनसेन ऑक्टोबर २०२४ मध्ये. त्यांच्या हिमवादळातल्या फोनमागे मंडळाचे वार्तापत्र वेळेवर निघावे एवढीच गरज होती. परंतु आज आपण ज्याला ऑनलाइन समाज म्हणतो, त्याचे बहुतेक नियम आणि बहुतेक भांडणे त्या लहान फलकांवर आधी घडून गेली आहेत.

(२९)
शेवटी एक विनंती. १९८० आणि १९९० च्या दशकांत आपल्याकडेही लोकांनी प्रोग्राम लिहिले. कोणी दुकानाच्या हिशेबासाठी, कोणी शाळेच्या निकालपत्रकासाठी, कोणी नुसता खेळ म्हणून. त्या फ्लॉपी आणि कॅसेटी माळ्यावरच्या डब्यांत असतील. टाकून देण्यापूर्वी एवढे करा: कोणी लिहिले, कोणत्या वर्षी, कोणत्या यंत्रावर, हे चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. कर्ता हयात असेल तर इतरांना द्यावे का हे त्याला विचारा आणि तो जे म्हणेल तेही लिहा. यंत्र पुढे कोणालातरी सापडेल, फीतही कदाचित वाचता येईल. चिठ्ठी मात्र आजच लिहावी लागेल; तिची प्रत दुसरीकडे कुठेही नाही.

(३०)
धागा येथे संपतो. आपल्यापैकी कोणी त्या काळी फलक चालवला असेल, मोडेमची शिट्टी ऐकली असेल, किंवा शाळेत बीबीसी मायक्रोवर पहिला प्रोग्राम टंकला असेल, तर खाली जरूर लिहा. गाव आणि वर्ष यांसह लिहा, म्हणजे तीही एक नोंद होईल. पोचल्याची पावती दिलीत तर पुढचा गठ्ठा पाठवतो.